सांडपाण्याची लाइन पुन्हा पुन्हा गळते आणि कारखाना थांबवता येत नाही

लक्षण बहुतेकांच्या ओळखीचे असेल. ईटीपीकडे, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे जाणाऱ्या किंवा ईटीपीतून बाहेर पडणाऱ्या जुन्या लोखंडी लाइनवर एखादी जागा ओली दिसते. खोदल्यावर करंगळी जाईल एवढे भोक सापडते. फिटर रबर लावून क्लॅम्प आवळतो, माती लोटली जाते. पुढच्या महिन्यात पंधरा-वीस फुटांवर दुसरे भोक. मेंटेनन्सवाला म्हणतो, "लाइनच बदलू या." वरून एकच प्रश्न येतो, "प्लांट किती दिवस बंद ठेवावा लागेल?" त्याला आकड्यात उत्तर देता आले नाही की फाइल मिटते आणि आणखी एक क्लॅम्प मागवला जातो.

बडोद्याच्या आसपास, नंदेसरीपासून मकरपुरा आणि पादऱ्यापर्यंत, हे चक्र मी अनेक कारखान्यांत पाहिले आहे. त्या प्रश्नाचे आकड्यातले उत्तर कसे काढायचे ते इथे लिहितो. माझा मुद्दा एकच आहे. लाइन बदलायला प्लांट किती वेळ थांबेल हे तुमच्या टाकीतली रिकामी जागा ठरवते. ती जागा तासांत मोजता आली तर बहुतेक ठिकाणी उत्पादन एक मिनिटही थांबवावे लागत नाही. न मोजता काम काढले तर कितीही चांगला वेल्डर आणा, मध्यरात्री सम्प, म्हणजे पंप जिथून सांडपाणी उचलतो तो खड्डा, भरून वाहायला लागतो आणि सगळ्यांचे हातपाय गळतात.

पण नवी लाइन टाकण्याआधी जुनी का गळते ते कळायला हवे. नाहीतर नवीही तिथेच गळेल.

गळतीची वही

लाइन कुठे कुठे आणि कधी कधी फुटली याची नोंद क्वचितच कुठे असते. ती आजपासून ठेवा. प्रत्येक गळतीसाठी चार गोष्टी लिहायच्या: सम्पपासून किती मीटरवर, पाइपच्या कोणत्या बाजूला, कोणत्या तारखेला, आणि त्याआधीच्या चोवीस तासांत वीज गेली होती का. बाजू घड्याळाच्या काट्यांनी सांगायची. बारा म्हणजे माथा, सहा म्हणजे तळ. मागच्या गळत्यांचे सांगायला जुने लोक असतात. एका कारखान्यात निवृत्त झालेल्या फिटरकाकांना बोलावले होते. नकाशा समोर धरला तर ते म्हणाले, "अरे बाळा, नकाशा राहू दे, मला लाइनवरून चालत ने." चालता चालता त्यांनी जमिनीखालचे सगळे क्लॅम्प बोटाने दाखवले, आणि कार्यालयात कोणालाच ठाऊक नसलेला एक पुरलेला व्हॉल्व्हसुद्धा. अशा माणसाला मानाने बोलावा, त्याच्या वेळेचे पैसे द्या.

भोके सहाच्या ठोक्यावर, म्हणजे तळाला पडत असतील तर गाळ बसतो आहे. वेग कमी पडला की रेती, चुन्याचा साका, मीठ तळाला साचते आणि त्या थराखाली लोखंड खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ले जाते. भोके माथ्यावर, त्यातही लाइन जिथे उंचावते तिथे असतील तर आत हवा अडकली आहे. सांडपाण्यातला सल्फेट चिकट थरातले जंतू हायड्रोजन सल्फाइडमध्ये बदलतात, तो वायू वरच्या मोकळ्या जागेत जमतो, आणि तिथल्या ओलाव्यात दुसरे जंतू त्याचे गंधकाम्ल करतात. काँक्रीटच्या गटारांचा माथा असाच खाल्ला जातो हे मेलबर्नमध्ये पार्कर यांनी १९४५ मध्ये दाखवले. आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या जुन्या काँक्रीटच्या ह्यूम पाइपांचे छत हाताने कुस्करते त्यामागे हेच कारण. अशा जागी अडकलेली हवा बाहेर सोडणारा एअर व्हॉल्व्ह नसतो, किंवा असतो पण गंजून बंद पडलेला असतो.

भोक बाहेरून आत गेलेले दिसले तर कोटिंग फाटलेले आहे, आणि जवळून एखादा पाझरता नाला किंवा बडोदेकर ज्याला कांस म्हणतात तो पावसाळी ओढा जातो का ते बघा.

गळती फ्लँजवर (पाइपची टोके बोल्टने जोडणाऱ्या कड्यावर) किंवा वेल्डच्या सांध्यावर असेल आणि नोंदीत "काल वीज गेली होती" असे वारंवार येत असेल तर हा दाबाचा धक्का आहे. पंप एकदम थांबला की पाइपमधले पाणी थांबते, मागे फिरते आणि पाणी उलटे जाऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आदळते. लोखंडी लाइनमध्ये सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी अचानक थांबले तर दाब साधारण १० ते १२ बारने उसळतो. तुमचा गेज रोज ३ बार दाखवतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. उसळी डोळ्याला दिसण्याआधीच निघून जाते. एचडीपीई ही प्लास्टिकची पाइप लवचीक असल्याने तीच उसळी ३ बारच्या आसपास राहते. पाइप बदलण्याचा हा एक मोठा फायदा आहे. पण पंपाजवळचा धाडकन आपटणारा व्हॉल्व्ह तसाच ठेवला तर फायदा अर्धाच मिळतो.

आणखी एक तपासणी. कच्च्या एफ्लुएंटचा, म्हणजे प्रक्रिया न झालेल्या सांडपाण्याचा पीएच दिवसातून एकदा नमुना घेऊन मोजू नका. नोंद करणारा मीटर आठवडाभर लावून ठेवा. दुपारी ७ दाखवणारी लाइन रात्री एखादी बॅच धुतल्यावर तासभर २ वर, म्हणजे तीव्र आम्लात असू शकते, आणि लोखंड त्याच तासात जाते.

टाकीचा हिशोब

इथे घाई करू नका. सगळे काम या हिशोबावर उभे आहे.

समजा समतोल टाकी, म्हणजे सगळे सांडपाणी आधी जिथे एकत्र जमते ती, ५०० घनमीटरची आहे आणि तासाला सरासरी ३५ घनमीटर पाणी येते. टाकी पूर्ण रिकामी करता येत नाही. मिक्सर किंवा एरेटर बुडालेला राहायला हवा, पंपाने हवा ओढता कामा नये. म्हणून खालची पातळी १५ टक्के धरू. वर काठापर्यंत भरायची नाही, ९० टक्क्यांवर थांबू. मधली जागा ७५ टक्के, म्हणजे ३७५ घनमीटर. भागिले ३५, साडेदहा तासांच्या वर. जुनी लाइन तोडून नवी जोडायला तुमच्याकडे एवढा वेळ आहे, आणि या वेळात प्लांट चालू आहे.

हे तास वाढवता येतात, आणि तेही पैसे न घालता. उत्पादन विभागाबरोबर बसून विचारा, येणाऱ्या ३५ पैकी कोणते पाणी एक दिवस थांबू शकते? रिॲक्टरची धुलाई, कूलिंग टॉवरचा आणि बॉयलरचा ब्लोडाऊन, सॉफ्टनरचे रिजनरेशन, फरशी धुणे. यातले बरेचसे आदल्या दिवशी उरकता येते किंवा दुसऱ्या दिवशी ढकलता येते. ३५ चे २२ झाले तर तीच टाकी १७ तास देते. उत्पादनवाल्यांना हे आदल्या संध्याकाळी सांगितले तर भांडण होते. महिनाभर आधी, हातात कागद घेऊन सांगितले तर तेच लोक तुम्हाला मार्ग सुचवतात.

माझा नियम असा की जोडणीचे काम हाती असलेल्या तासांच्या निम्म्यात संपेल असेच आखायचे. उरलेला निम्मा वेळ न बसणाऱ्या गास्केटसाठी, अडकलेल्या बोल्टसाठी आणि मध्येच गेलेल्या विजेसाठी. निम्म्यात बसत नसेल तर त्या रात्री काम सुरूच करू नका. आधी जागा वाढवा, भाड्याची एफआरपी (फायबरग्लासची) टाकी आणा किंवा बांधावर तात्पुरता सम्प उभा करा.

टँकरने पाणी हलवण्याचा पर्याय बरेच जण सर्वांत आधी काढतात. मी तो शेवटी ठेवतो. टँकर कुठे रिकामा होणार, घेणाऱ्या केंद्राची लेखी परवानगी आहे का, तिथले पाणी आणि आपले पाणी एकमेकांना चालते का, हे सगळे आधी पक्के हवे. सुरतेच्या सचिन वसाहतीत ६ जानेवारी २०२२ रोजी टँकरमधले रसायन नाल्यात सोडले जात असताना विषारी वायू उठला आणि शेजारच्या गिरणीतले सहा कामगार गेले. त्या टँकरशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

आधी फक्त दोन टी

ज्या कामात प्लांट थांबलाच नाही अशा बहुतेक कामांमागे एक साधी पूर्वतयारी होती. मोठ्या कामाच्या खूप आधी, एखाद्या लहान थांब्यात, जुन्या लाइनच्या दोन्ही टोकांना फक्त एकेक टी (तीन तोंडांचा जोड) आणि व्हॉल्व्ह बसवून ठेवायचे. सम्पच्या पंपांनंतर एक, आणि पाणी जिथे पोचते तिथे एक. टीच्या तिसऱ्या तोंडावर व्हॉल्व्ह आणि त्यावर ब्लाइंड फ्लँज, म्हणजे बोल्टने बसवायचे बंद झाकण. दुसरा व्हॉल्व्ह जुन्या लाइनवर, म्हणजे पुढे ती वेगळी काढता येईल. स्पूल, म्हणजे जोडायचा पाइपचा तुकडा, आधीच मापात तयार करून, तपासून, बोल्टसकट जागेवर आणून ठेवला तर हे एका टोकाचे काम काही तासांचे असते. इथे गुजरातेत दिवाळी ते लाभपाचम हा त्यासाठी सोन्यासारखा काळ. बरेच विभाग बंद किंवा मंद असतात, पाणी निम्म्यावर येते. मोठे काम दिवाळीत काढायला मात्र मी सांगणार नाही. दुकाने बंद, एक गास्केट कमी पडले तर लाभपाचमपर्यंत मिळायचे नाही. टी बसवायला दिवाळी, लाइन टाकायला त्यानंतरचा कोरडा हिवाळा.

हे दोन टी बसले की नवी लाइन शेजारून सावकाश टाकता येते. महिना लागो की दोन, जुनी चालूच असते. आणि बदलाच्या रात्री कापायला काही उरत नाही. एक व्हॉल्व्ह उघडायचा, एक बंद करायचा.

टी बसवायला थांबा मिळतच नसेल तर चालू लाइनवर छिद्र पाडून फांदी काढण्याची पद्धत आहे, तिला हॉट टॅपिंग म्हणतात. तेल आणि वायूच्या लाइनवर ती नेहमी वापरली जाते. आपल्या गंजलेल्या एफ्लुएंट लाइनवर मात्र आधी अल्ट्रासॉनिक मीटरने भिंतीची जाडी मोजा, आणि एकाच जागी नको, पाइपभोवती पूर्ण फेरा घेऊन मोजा. तळाला २ मिलिमीटर उरलेल्या पाइपवर वेल्डिंगची ज्योत लागली तर आरपार जाते. शिवाय आत मिथेन किंवा सॉल्व्हंटची वाफ असू शकते. अशा जागी वेल्डिंग न लागणारा, बोल्टने आवळायचा दोन तुकड्यांचा टी बरा. तोही चांगली जाडी उरलेल्या जागीच. जाडी कुठेच नसेल तर सम्पजवळ पंपाच्या फ्लँजपासूनच नवी सुरुवात करा आणि स्टँडबाय पंपाचे तोंड नव्या लाइनला द्या. दोन पंप असलेल्या सम्पवर हा मार्ग उघड समोर असतो. एक पंप जुन्या लाइनवर चालू, दुसरा नव्या लाइनची वाट बघत तयार.

नवी पाइप कशाची, केवढी

तापमान ४५ अंशांच्या खाली आणि सॉल्व्हंट नगण्य असेल तर पीई १०० दर्जाची एचडीपीई. सांडपाणी आणि औद्योगिक द्रवांसाठी आयएस १४३३३ हे मानक मागा. पिण्याच्या पाण्याचे वेगळे आहे, बिलावर कोणते लिहिले आहे ते बघा. पाण्यात टोल्युइन, झायलीन, क्लोरोबेंझीन यांचा थर येत असेल तर एचडीपीई फुगते आणि नरम पडते. तिथे व्हिनिल एस्टरची एफआरपी किंवा आतून अस्तर दिलेले लोखंड. "स्टेनलेस टाका म्हणजे कटकट संपेल" असे सांगणारे भेटतील. मीठ जास्त असलेल्या आपल्या पाण्यात ३०४ दर्जाच्या स्टेनलेसला टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात, आणि ती साध्या लोखंडापेक्षा लवकर पडू शकतात.

पाइपवर लिहिलेला दाब ठरावीक तापमानाचा असतो हे लक्षात घ्या. २० अंशांना १० बारची असलेली एचडीपीई ४० अंशांच्या पाण्याला साधारण ७.४ बारचीच राहते. निवड करताना रोजचा दाब, उसळी आणि तापमान तिन्ही एकत्र धरा.

व्यासाबाबत एक समज फार पसरलेला आहे, की बदलतोच आहोत तर एक साइज मोठी टाकू, पुढच्या विस्ताराला होईल. पंप तासाला ६० घनमीटर देतो असे धरा. १६० मिलिमीटरच्या पाइपचा आतला व्यास १४१ धरला तर वेग सेकंदाला १.०७ मीटर. उत्तम. त्याच पाण्याला २०० ची पाइप दिली तर वेग ०.६८ वर येतो, आणि पंप जुना होऊन थोडा ढिला पडला की गाळ बसायला सुरुवात होते. जुनी लाइन ज्या रोगाने गेली तो नवीला पहिल्या दिवसापासून जडवायचा. विस्तार खरोखर होणार असेल तर तेव्हा दुसरी पाइप टाका. चराची रुंदी आजच तेवढी ठेवता येते.

चर, ऊन आणि माणसे

आपल्या आवारात लाइन शक्यतो जमिनीवर, रॅकवर घ्या. गळती दिसली पाहिजे. जमिनीखालची गळती महिनोन्‌महिने बोलत नाही. रस्त्याखालून न्यावीच लागते तिथे मोठ्या व्यासाच्या केसिंगमधून, म्हणजे बाहेरच्या संरक्षक पाइपमधून न्या आणि दोन्ही टोकांना बघता येईल असा चेंबर ठेवा.

जेसीबी लावण्याआधी हाताने चाचणी खड्डे घ्या. जुन्या वसाहतींत ११ केव्हीची केबल, गॅसची लाइन, शेजाऱ्याची कुठल्याच नकाशात नसलेली पाइप, सगळे एकाच पट्ट्यात असते. पादरा-करजणकडे काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिथे पाइपखाली आणि भोवती १५० मिलिमीटर रेती हवीच, उकरलेली काळी माती परत पाइपवर लोटायची नाही. नंदेसरीच्या बाजूला महीच्या घळी आहेत. माती सैल, उतार मोडलेले. तिथे एका जोरदार पावसात पाइपवरचे सगळे आच्छादन धुऊन जाते, म्हणून उतारावर दगडी पिचिंग किंवा काँक्रीटचे आडवे अडथळे घाला.

एचडीपीई उन्हात केवढी वाढते हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खरे वाटत नाही. १०० मीटर पाइप २० अंशांच्या फरकाने ३० ते ४० सेंटिमीटर लांब-आखूड होते. दुपारी तापलेली पाइप ताणून शेवटचा फ्लँज जोडला तर पहाटे ती आखडते आणि स्टब-एंडलाच, म्हणजे फ्लँज धरणाऱ्या पाइपच्या टोकालाच ओढ बसते. "नवी लाइन, तरी फ्लँज गळतो" या तक्रारीमागे बहुधा हेच निघते. पाइप चरात थोडी नागमोडी ठेवा, आधी मधला भाग मातीने झाका, आणि टोकाची जोडणी सकाळच्या गारव्यात करा.

बट वेल्डिंगमध्ये पाइपची दोन टोके तापल्या प्लेटवर वितळवून जोडतात; ती प्लेट २०० ते २३० अंशांत, वाऱ्याला आडोसा, आणि थंड होण्याचा वेळ पूर्ण द्यायचा. पाणी मारून सांधा थंड करणारा वेल्डर दिसला तर तो सांधा तिथेच कापून टाका. दिवसाचा पहिला सांधा चाचणीसाठी करून उभा चिरून बघा.

चर खोदणारी माणसे आपल्याकडे बरीचशी दाहोद-पंचमहालची. होळीला ती गावी जाणारच, आणि जायलाच हवे. वेळापत्रक होळीच्या आधी संपणारे आखा किंवा होळीनंतर पंधरा दिवस सोडून धरा. उघडा चर सोडून सगळे गेले आणि मध्येच अवकाळी पाऊस आला तर कडा ढासळतात. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधार न लावता कोणालाही उतरवू नका, पाच मिनिटांचे काम असले तरी नाही.

दाबाची चाचणी साध्या पाण्याने, कामाच्या दाबाच्या दीडपट. एचडीपीई दाबाखाली किंचित फुगते, म्हणून सुरुवातीला गेज आपोआप खाली येतो. नवखे लोक घाबरून गळती शोधायला लागतात. पाणी भरून दाब पुन्हा वर आणा, पाइप स्थिरावू द्या, त्यानंतरचे वाचन खरे. चाचणीचे पाणी ईटीपीतच सोडायचे.

बदलाची रात्र

तारीख ठरली की कागद आधी. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात, ज्याला इथे सगळे सीसीए म्हणतात, सोडण्याची जागा आणि पद्धत लिहिलेली असते. लाइनचा मार्ग बदलत असेल तर आधी कळवा. सीईटीपीला (वसाहतीच्या सामाईक प्रक्रिया केंद्राला) किंवा सांडपाणी पुढे वाहून नेणाऱ्या चॅनेलवाल्यांना लेखी द्या. ऑनलाइन मोजणी यंत्र असेल तर त्या तासांत आलेख सपाट होणार, तेही आधीच सांगितलेले बरे.

टाकी आदल्या दिवसापासून खाली आणा. जुने व्हॉल्व्ह खरोखर बंद होतात का ते आठवडाभर आधी तपासा. दहा-पंधरा वर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह बहुतेक वेळा पास होतो, म्हणजे चाक बंद, पाणी चालू. अशा ठिकाणी ब्लाइंड टाकण्याची तयारी ठेवा. तात्पुरता बायपास पंप लावणार असाल तर तो डिझेलवरचा हवा. मुख्य पंपाच्याच फीडरवरचा बायपास वीज गेली की त्याच क्षणी थांबतो.

पाणी नव्या लाइनमध्ये सोडताना व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, उंचावरची हवा पूर्ण बाहेर पडू द्या, मग पूर्ण प्रवाह द्या. दोन माणसे लाइनवर चालत राहतील, एक सम्पजवळ, एक दुसऱ्या टोकाला, आणि सगळ्यांच्या हातात फोन किंवा वॉकीटॉकी. दोन्ही टोकांच्या फ्लोमीटरची वाचने तासाला लिहून काढा. त्यांच्यात पडणारा फरक ही या लाइनची पुढची सगळी वर्षे रोज बघण्याची गोष्ट आहे.

सम्प आणि जुन्या लाइनजवळच्या कामात हायड्रोजन सल्फाइडचा धोका सर्वांत मोठा आहे. त्यावर मला आवाज चढवून बोलावेसे वाटते. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर तुम्ही वाचू शकता. १०० पीपीएमच्या पुढे नाक बधिर होते, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटते हवा स्वच्छ झाली. ५०० च्या पुढे माणूस काही क्षणांत कोसळू शकतो. गाळाने भरलेली जुनी लाइन ॲसिडने "साफ" करायची कल्पना कोणी मांडली तर ती तिथेच थांबवा. सल्फाइडच्या गाळावर ॲसिड पडले की हाच वायू उसळतो. गॅस मीटर, ब्लोअर, हार्नेस, तिपाई आणि बाहेर उभा राहणारा एक माणूस, ज्याला दुसरे कोणतेही काम दिलेले नाही, एवढे नसेल तर सम्पमध्ये उतरायचे नाही. आत कोणी पडले तर त्याच्यामागे धावत उतरायचे नाही. एकामागोमाग जीव गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्यांतले दुसरे आणि तिसरे माणूस वाचवायलाच गेलेले असते.

जुन्या लाइनचे काय करायचे

"राहू द्या स्टँडबाय" असे सगळे म्हणतात. दोन-तीन आठवडे, नवी लाइन पूर्ण प्रवाहावर स्थिर होईपर्यंत, ठीक. त्यानंतर मी ती ठेवायच्या विरुद्ध आहे. साचलेल्या गाळाची बंद पाइप वायू तयार करत राहते, पातळ झालेल्या भिंतीतून पाझरत राहते, आणि कोणीतरी कधीतरी घाईत तिचा व्हॉल्व्ह उघडतोच. साध्या पाण्याने धुऊन ते पाणी ईटीपीत घ्या, मधूनमधून उघडून गाळ काढा, दोन्ही टोके कापून वेगळी करा. रस्त्याखालचा काढता न येणारा तुकडा पातळ सिमेंटच्या ग्राउटने भरून टाका. जिथे जिथे गळती झाली होती तिथली माती तपासायला पाठवा आणि दूषित निघाली तर उचला.

हे बडोद्यात विशेष मनावर घ्यायला हवे असे मला वाटते. कोयलीची रिफायनरी १९६५ ची, तिच्यामागोमाग खते आणि पेट्रोकेमिकल्स आली, आणि त्या सगळ्यांचे पाणी वाहून न्यायला धनोऱ्यापासून जंबुसर तालुक्यातल्या सारोदपर्यंत सुमारे ५६ किलोमीटरचे चॅनेल १९८३ मध्ये सुरू झाले. ते शेतांमधून, गावांच्या कडेने जाते. आपल्या फाटकाबाहेर पाइप गळते ती कोणाच्या तरी विहिरीच्या, बोअरच्या दिशेने गळते. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी प्रक्रिया केंद्र चालू नसलेल्या उद्योगांना चालू देऊ नये असा जो निकाल दिला, ती याचिका गुजरातच्याच पर्यावरण सुरक्षा समितीची होती. केंद्र उत्तम चालते पण तिथवर पाणी पोचण्याआधी जमिनीत मुरते, तर त्या केंद्राचा शेजारच्या गावाला काय उपयोग?

तोवर गळती झाली तर

मंजुरी, खरेदी, चर यांत महिने जातात आणि जुनी लाइन तोवर फुटणारच. लाकडी खुंटी आणि सायकलची ट्यूब बंद करा. पूर्ण वेढा घेणारे स्टेनलेसचे क्लॅम्प तुमच्या व्यासाचे आधीच आणून ठेवा, रबर तुमच्या पाण्याला चालणारे. टोल्युइन-झायलीनसारखे सॉल्व्हंट असेल तर साधे ईपीडीएम टिकत नाही, व्हिटॉन घ्या. क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना जाडी मोजा, नाहीतर आवळतानाच पाइप चेपते. आणि खड्डा बुजवू नका. भोवती बांध घाला, कठडा लावा, पाणी उपसून सम्पमध्ये परत नेणारा छोटा पंप ठेवा. उघड्या खड्ड्याकडे रोज कोणीतरी बघतो.

नवी लाइन सुरू झाल्यावर २४ तासांनी सगळ्या स्टब-एंडचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, एचडीपीई दाबाखाली किंचित बसते. चर बुजवण्याआधी प्रत्येक सांध्याचा फोटो, सम्पपासूनचे अंतर आणि खोली लिहून ठेवा, पाइपच्या वर फूटभर अंतरावर इशारा देणारी पट्टी टाका, वळणांवर सिमेंटचे खांब रोवा. आराखड्याची एक प्रत ईटीपीच्या केबिनमध्ये भिंतीवर लावा आणि एक शेजारच्या कारखान्याच्या मेंटेनन्सवाल्याला नेऊन द्या. पुढच्या वेळी जेसीबी त्याचा असेल.